घनसाळमध्ये सोंडे, निलगिरीचे बोळे आणि माझी फजिती

उंबरठा | ९ जून, रात्री १०.४०

मंडळी, आधी फजिती सांगते, मग प्रश्न.

आजऱ्याहून मामेसासरे दर वर्षी संक्रांतीनंतर घनसाळचं अर्धं पोतं पाठवतात. पंचवीस किलो. हा तांदूळ आमच्याकडं रोजचा नव्हे, सणाचा आणि पाहुण्यांचा. यंदा पोतं तसंच माळ्याखालच्या खोलीत राहिलं. मेच्या शेवटी दोन वळीव झाले आणि परवा पोत्याचं तोंड सोडलं तर तांदूळ चालत होता! बारीक, काळपट, सोंडवाले. आमच्या घरात सोंडे म्हणतात, माहेरी टोके म्हणायचे.

सासूबाई म्हणाल्या, बोरिक पावडर लाव. घरात दोन वर्षांचं पोर, सापडेल ते तोंडात घालतं, म्हणून मला बोरिक नको होतं. मोबाईलवर एका बाईंनी छातीठोकपणे सांगितलेलं, की निलगिरीच्या तेलाचे बोळे धान्यात ठेवा, चोवीस तासांत एक किडा दिसला तर सांगा. औषधाच्या दुकानातून बाटली आणली. कापसाचे आठ बोळे चांगले निथळेपर्यंत भिजवले, फडक्यात बांधून पोत्यात खोचले, तोंड आवळलं.

दुसऱ्या दिवशी पोत्यात किडा दिसला नाही, हे खरं आहे. भिंतीवर दिसले, खिडकीच्या चौकटीत दिसले, देवघराच्या पडद्यावर दिसले. जे पोत्याखाली गप पडले होते ते मेले समजून सुपात गोळा केले आणि कोपऱ्यात ठेवून झोपले. सकाळी सूप रिकामं.

शनिवारी नणंदेकडची मंडळी जेवायला. घनसाळचा भात, तांबडा, पांढरा, सगळा थाट. पहिल्याच घासाला नणंदावे थांबले आणि म्हणाले, "वैनी, भाताला सर्दीच्या मलमाचा वास येतोय काय?"

तर प्रश्न असे: ही तेलं किडे खरंच मारतात का नुसती हुसकतात? आणि उरलेल्या बावीस किलोंचं मी आता काय करू?

---

पंचगंगेचा_घाट | ९ जून, रात्री ११.०५

नाद खुळा वैनी! सोंड्यांच्या सोंडा मोकळ्या झाल्या असणार. वाफारा दिलासा म्हणा की त्यांना.

---

कणगी | १० जून, सकाळी ६.१५

पोरी, चूक तेलाची न्हाई, चूक तांदूळ साठवण्यात हाय. आमच्या गडहिंग्लजकडं आम्ही तांदूळ कधी साठवतच नव्हतो. कणगीत भात असायचं, भात. टरफलासकट. महिन्याला लागेल तेवढंच गिरणीला न्यायचं. टरफलातल्या दाण्याला सोंडा सहजी शिवत न्हाई. कणगीला आतून-बाहेरून शेणाचा हात, तळाला वाळलेला कडूलिंबाचा पाला, मधी मधी दोनचार बिब्बे. कडधान्य चुलीच्या राखेत घोळून मडक्यात. तूरडाळीला एरंडेल. आता तुम्हाला गिरणीतनं पांढरा झालेला तांदूळ वर्षभराचा पायजे आणि किडा पण नको.

---

वनौषधीप्रेमी | १० जून, सकाळी ९.३०

उंबरठा, निराश होऊ नका. तेल शुद्ध नसेल. औषधाच्या दुकानातलं घेऊ नका, डिस्टिल केलेलं चांगलं घ्या आणि मात्रा दुप्पट करा. लवंग, दालचिनी, गवती चहा, वेखंड अशी चार तेलं एकत्र केली तर उत्तम. वनस्पतीचं आहे, पोटात गेलं तरी अपाय नाही. आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं.

---

उंबरठा | १० जून, सकाळी ९.४८

दुप्पट?? ताई, आत्ताच भात चोंदलेलं नाक उघडतोय.

---

किडेमास्तर | १० जून, दुपारी १.२०

मी प्राणिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. उंबरठा यांनी पळणारे किडे, मेल्याचं सोंग आणि भाताचा वास अशा तीन गोष्टी टिपल्यात. तिन्हींत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

हा सायटोफिलस ओरायझी, तांदळातला सोंडकिडा. मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट स्रावाचं बूच लावते. ते बूच आपल्या डोळ्याला दिसत नाही. अळी दाण्याच्या पोटातच खाते, तिथंच कोष करते आणि आपल्याकडच्या पावसाळी उबेत साधारण महिना-सव्वा महिन्यानं किडा होऊन दाणा फोडते. एका मादीची आयुष्यभराची अंडी तीनशेच्या वर जाऊ शकतात. तुम्ही पोतं उघडलंत तेव्हा चालत होते ते नुसते बाहेर पडलेले. आतल्यांची मोजदाद कोणी केलीच नाही.

सोंगाबद्दल: धक्का लागला की सोंडकिडा पाय पोटाशी घेऊन गप पडतो. शिवाय तेलाच्या वाफेनं काही किडे नुसते झिंगतात आणि मोकळी हवा लागली की शुद्धीवर येतात. किडा मेला असं चोवीस तास मोकळ्या हवेत ठेवून बघितल्याशिवाय म्हणायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिला धडा असायचा.

आता तेल. निलगिरीत मुख्य घटक सिनिओल, लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्रल, ओव्यात थायमॉल, पुदिन्यात मेंथॉल. सगळे उडणारे. किड्याला फुप्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रं असतात, तिथून वाफ आत शिरते. काही घटक त्याच्या मज्जातंतूंमधलं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर अडवतात, काही ऑक्टोपामाइन या संदेशवाहकाच्या कामात खोडा घालतात. ऑक्टोपामाइनचा कारभार कीटकांत मोठा, आपल्यासारख्या कण्याच्या प्राण्यांत नगण्य. म्हणून शास्त्रज्ञांना या तेलांत रस आहे. बंद काचेच्या बाटलीत दहा-वीस सोंडकिडे आणि तेलाची पुरेशी वाफ, दुसऱ्या दिवशी किडे मेलेले. यात काही थोतांड नाही.

पण त्या बाटल्या बहुतेक वेळा रिकाम्या असतात. त्यांत धान्य नसतं.

---

हिशेबी_माणूस | १० जून, दुपारी ३.०५

मास्तर, हे जरा फोडून सांगा. आठ निथळते बोळे म्हणजे आठेक मिलि तेल सहज गेलं असेल. पंचवीस किलो तांदूळ साधारण तीस लिटर जागा घेतो, दाण्यांमधली हवा त्यात बारा लिटर धरू. म्हणजे लिटरभर हवेला साडेसहाशे मायक्रोलिटर तेल. मग मात्रा कमी कशी?

---

किडेमास्तर | १० जून, संध्याकाळी ५.५०

हिशेब झकास. प्रयोगशाळेत रिकाम्या बाटलीला लिटरमागे दहापासून शंभरेक मायक्रोलिटरमध्ये काम भागलेलं बऱ्याचदा दिसतं. एक थेंब म्हणजे अंदाजे पन्नास मायक्रोलिटर. तुमच्या आकड्यानं तिथं कत्तल व्हायला हवी होती. झाली नाही, कारण तेल हवेत राहिलंच नाही.

थोडं गोणपाटाच्या विणीतून खोलीत गेलं. किडे त्याच वाटेनं गेले, पडद्यावर. उरलेलं तांदळानं ओढून घेतलं. धान्याच्या दाण्याचा पृष्ठभाग एकूण किती मोठा होतो याचा विचार करा. मूठभर तांदूळ म्हणजे शेकडो छोटे टीपकागद. वाफ दाण्यांवर बसते, आत मुरते आणि हवेतली मात्रा घसरते. म्हणून रिकाम्या बाटलीत लागते त्याच्या कितीतरी पट मात्रा भरलेल्या बाटलीत लागते. बोळ्याजवळच्या वितभर जागेत वाफ दाट, पोत्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

नणंदाव्यांना भातात जो वास आला ना, ते किड्यापर्यंत न पोचलेलं तेल होतं.

राहिली दाण्यातली अळी. तिला तर सगळ्या बाजूंनी तांदळाची भिंत. जी मात्रा बाहेरच्या किड्याला आडवं करते ती तिच्यापर्यंत जेमतेम पोचते. मात्रा दुप्पट केलीत तर भात दुप्पट वासाचा होईल आणि जुलैत नवे सोंडे निघतीलच.

---

वनौषधीप्रेमी | १० जून, संध्याकाळी ६.३०

मग एवढी संशोधनं उगाच चाललीत का? रासायनिक विषांपेक्षा हे केव्हाही बरं.

---

किडेमास्तर | १० जून, रात्री ८.१०

उगाच नाही. गोदामांत धुरी द्यायला जगभर दोन वायू होते. मिथिल ब्रोमाइड ओझोनचा थर खातं म्हणून १९८७ च्या माँट्रियल कराराखाली त्याचा वापर उतरणीला लावला. विकसित देशांत २००५ पर्यंत, आपल्यासारख्या देशांत २०१५ पर्यंत; निर्यातीच्या मालाची विलगीकरण-धुरी वगैरे तेवढी वगळली. उरलं फॉस्फिन, आणि त्याला दाणे पोखरणारा छोटा भुंगेरा आणि पिठातला तांबडा भुंगेरा सरावत चाललेत. म्हणून पर्याय शोधणं भाग आहे. तेलाची वाफ हळूहळू सुटावी म्हणून त्याच्या बारीक कॅप्सूल करायच्या, पिशवीच्या कागदात तेल मुरवायचं, फॉस्फिनच्या जोडीला वापरायचं, असं काम चालतं. अमेरिकेत तर १९९६ पासून लवंग, पुदिना, रोझमेरी यांसारख्या काही तेलांना कीटकनाशक म्हणून नोंदणीतून सूटही आहे.

मात्र 'वनस्पतीचं आहे, पोटात गेलं तरी चालतं' हे वाक्य कृपा करून मागे घ्या. निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडं जरी गेलं तरी झटके येऊ शकतात. कापराचंही तसंच. आणि वेखंड! आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन भरपूर असतं. किड्यांची वीण त्यानं खुंटते, ते खरं. पण त्याच घटकानं उंदरांना गाठी झाल्या म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांतून काढून टाकलं. वेखंडाचं तेल तांदळावर अजिबात नको.

---

वनौषधीप्रेमी | १० जून, रात्री ९.००

पोटात जाण्याबद्दल घाईनं लिहिलं, ते मागे घेते. वेखंडाचं ठाऊक नव्हतं. पण कडुलिंबाचं काय? त्याला तरी नावं ठेवू नका.

---

किडेमास्तर | १० जून, रात्री ९.२५

ठेवत नाही. फक्त कडुलिंब या यादीतच बसत नाही. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन उडणारं नाही, त्याचा जोर वासात नसून खाण्यात आणि वाढ रोखण्यात आहे. आणि ते मुख्यतः निंबोळीच्या बीमध्ये असतं, पाल्यात कमी.

---

कणगी | ११ जून, सकाळी ६.०५

पाला सावलीत कडकडीत वाळवून घालायचा हे पण लिवा की मास्तर. आमच्या शेजारणीनं ओला पाला टाकला नि गहू कुबट झाला. किडा गेला ऱ्हायला बाजूला, बुरशी आली.

---

निपाणीचा_वारा | ११ जून, सकाळी १०.४०

वासानं किडा पळतो म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या निपाणीला यावं. घराण्यात तीन पिढ्या तंबाखू. तंबाखूतलं निकोटिन म्हणजे जुन्या काळातलं नामी कीटकनाशक, तंबाखूचा काढा करून पिकावर फवारायचे. आणि त्याच तंबाखूच्या बोदात एक तपकिरी, पाठीला कुबड असलेला बारका भुंगेरा सुखानं संसार करतो. सिगारेट बीटल म्हणतात त्याला. बोद फोडलं की भुगा आणि सुईनं टोचल्यासारखी भोकं.

हाच किडा आमच्या घरच्या धन्यात, हळदीच्या कुड्यात आणि सुक्या मिरचीत निघाला. संकेश्वरी मिरची, जिच्या नुसत्या वासानं माणूस ठसकतो! लवंगा-दालचिनी घातलेली कांदालसूण चटणी नीट वाळवलेल्या मसाल्याची नसली तर तीही सोडत नाही.

---

किडेमास्तर | ११ जून, दुपारी १२.१५

निपाणीकर, फर्मास उदाहरण. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. त्याच्या पोटात यीस्टसारखी एक सूक्ष्म बुरशी वस्तीला असते, ती त्याला जीवनसत्त्वं पुरवते आणि वनस्पतींतली विषं पचवायला हातभार लावते. मादी अंड्यांवर तिचा लेप देते, अळी अंड्याचं कवच खाते आणि वारसा पुढं जातो. एका किड्याला मारणारं तेल दुसऱ्याच्या ताटातली चटणी असू शकतं.

---

पंचगंगेचा_घाट | ११ जून, दुपारी १२.३०

म्हणजे किडा पण कोल्हापुरीच. झणझणीत लागतंय त्याला.

---

लक्ष्मीपुरी_पेढी | ११ जून, रात्री ९.४५

धान्याच्या व्यापारात आहे, लक्ष्मीपुरीत. चर्चा वाचून राहवलं नाही, कारण असे धागे शेवटी "मग सरळ गोळी टाका" इथं येऊन थांबतात. आमच्याकडं आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक दबक्या आवाजात गॅसची गोळी मागतं.

ती गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलीनं एक ग्रॅम फॉस्फिन सोडते. त्या विषाला उतारा नाही. कायद्यानं ती सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरीवाल्यांनाच मिळते. गोदामात थप्पीवर जाड ताडपत्री, कडेनं वाळूच्या लांब पिशव्या, दिवस मोजून बंद, मग हवा खेळवायची. घरात झोपायच्या खोलीशेजारी पोत्यात गोळी टाकून दार लावलं की झालं, असं समजणारे आहेत. वायू दाराखालून येतो, भिंतीच्या फटीतून येतो. जास्त लिहीत नाही.

जुन्या लोकांना काचेच्या कुप्या आठवत असतील, धान्यात ठेवून फोडायच्या. ईडीबी, म्हणजे इथिलीन डायब्रोमाइड, धुरीचं विष. त्यावर २००१ पासून बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर डबीत शिल्लक असतील तर हात लावू नका. पाऱ्याच्या टिकड्यांचंही तेच, पारा हा धान्यात ठेवायचा पदार्थ नव्हे.

आता धंद्यातलं गुपित, जे गुपित नाहीच. किडं धान्य बहुतेक ओल्या धान्याचं होतं. तांदूळ दाताखाली कट् वाजला पाहिजे. नाहीतर कोरड्या काचेच्या बाटलीत तव्यावर भाजून गार केलेलं मीठ दोन चमचे आणि दोन मुठी धान्य घालून खळखळ हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल जास्त, आणखी वाळवा. मीठ खाली सुटं पडलं तर ठीक. आमचे आजोबा असंच बघायचे.

आणि पोतं फरशीवर ठेवू नका हो. पावसाळ्यात फरशी घाम सोडते. खाली फळ्या टाका, भिंतीपासून वितभर लांब.

---

उंबरठा | ११ जून, रात्री १०.३०

फरशीवरच होतं. भिंतीला टेकून.

बावीस किलोंचं काय करू ते कोणीतरी सांगा ना. उन्हात घालू का? ऊनही नाही म्हणा, कालपासून झिमझिम आहे.

---

कणगी | १२ जून, सकाळी ६.२०

घनसाळ कडक उन्हात घालू नगंस. दाणा चिरतो, शिजताना तुकडा होतो नि वास पण उडतो. एवढ्या लांबनं आणलेला तांदूळ, त्याचा वास तरी ऱ्हाऊ दे. पत्र्याच्या चाळणीनं चाळ, वाऱ्यावर पाखड, जुन्या सुती धोतरावर पातळ पसर. चालणारे चालू लागतात.

---

किडेमास्तर | १२ जून, सकाळी ८.४०

कणगीताईंना अनुमोदन. चाळल्यावर दोन-दोन किलोंच्या पिशव्या करून पाळीपाळीनं फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवा. उणे अठरा अंशांत दाण्याच्या आतलं अंडं, अळी, कोष सगळं संपतं. तेलाला जे जमलं नाही ते थंडीला जमतं, कारण थंडी दाण्याच्या भिंतीतून आरपार जाते. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीइतकी उबदार होईपर्यंत उघडू नका, नाहीतर तांदळावर दव धरेल.

कडधान्याचं उलटं, तिथं उष्णता वापरता येते. काळ्या कागदावर पातळ पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, कडा दाबायच्या. आत ५७ अंशांच्या आसपास तासभर राहिलं तर भुंगेऱ्याच्या सगळ्या अवस्था मरतात. चैत्र-वैशाखात करायचं काम.

---

दुरून_डोंगर | १२ जून, सकाळी ११.१०

मूळचा शिवाजी पेठेतला, आता पुण्यात फ्लॅटमध्ये. डाळीला एरंडेल लावायची आईची पद्धत मी अंधश्रद्धा समजत होतो. तिच्यामागं काही शास्त्र आहे का? की तोही वासाचाच खेळ?

---

किडेमास्तर | १२ जून, दुपारी २.००

एरंडेलाला तसा वास कुठं आहे? ते स्थिर तेल, उडत नाही, बोट फिरवलं की चिकटून राहतं. कडधान्यातला भुंगेरा सोंड्यासारखा आत अंडी घालत नाही. तो मुगाच्या, चवळीच्या दाण्यावर बाहेरून अंडी चिकटवतो, पांढरे ठिपके दिसतात ते. तेलाच्या थरावर अंडं नीट चिकटत नाही, चिकटलं तर त्याला हवा मिळत नाही. किलोला पाच मिलि तेल चोळलं तरी फरक पडतो आणि ते एरंडेलच पाहिजे असंही नाही, शेंगदाण्याचं चालतं. भुंगेऱ्याची अळी दाण्यात शिरण्याआधीचे काही दिवस कवचाखाली असते, तेवढ्या वेळात तिला गाठायचं. तुमच्या आईनं किड्याचं वर्म नेमकं ओळखलं होतं. राखेचंही तसंच, राख किड्याच्या अंगावरचा मेणाचा पातळ थर खरवडते आणि तो सुकून मरतो.

डाळीला मात्र भुंगेरा अख्ख्या कडधान्याइतका लागत नाही, हेही आहे. भरडून डाळ करणं हाच अर्धा उपाय.

---

उंबरठा | १३ जून, रात्री ९.१५

ठरलं. वीस किलो चाळून फ्रीझरच्या पाळीला लावले. आमच्या फ्रीझरमध्ये आता आइस्क्रीमला जागा नाही, घरात असंतोष आहे.

उरलेल्यातला सव्वा किलो मी मुद्दाम न गोठवता ठेवलाय. पाच काचेच्या बरण्या, प्रत्येकीत पाव किलो, पहिल्या चारींत वरून दहा-दहा जिवंत सोंडे. पहिलीत काही नाही. दुसरीत झाकणाला आतून चिकटवलेल्या कापसावर निलगिरीचे दोन थेंब. तिसरीत तसेच लवंग तेलाचे. चौथीत वाळलेला लिंबाचा पाला. पाचवीतला तांदूळ पाच दिवस गोठवून घेणार आणि सोंडे नंतर सोडणार नाही. मास्तर, चालेल का?

---

किडेमास्तर | १३ जून, रात्री ९.४०

पाच बरण्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण तुमच्या स्वयंपाकघरापुरतं कळेल. झाकणं सगळ्यांची सारखी घट्ट ठेवा. आणि तारखा लिहा! विद्यार्थी तिथंच मार खातात.

---

उंबरठा | २२ जुलै, रात्री १०.२०

तारखा लिहिल्यात मास्तर, वहीसह हजर.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निलगिरी आणि लवंगेच्या बरण्यांतले दहाच्या दहा आडवे. ताटलीत काढून चोवीस तास ठेवले, निलगिरीतला एक उठून चालू लागला, बाकीचे खरंच मेले. पहिल्या आणि पाल्याच्या बरणीत सगळे ठणठणीत. त्या दिवशी मी वनौषधीप्रेमींना मनातल्या मनात शंभर गुण दिले.

मग दहाबारा दिवस दोन्ही तेलांच्या बरण्या अगदी स्वच्छ. १ जुलैला निलगिरीत दोन नवे सोंडे. ५ तारखेला लवंगेत एक. त्यानंतर रोज एखादा-दुसरा. हे बाहेरून आलेले नव्हेत, झाकण घट्ट होतं. दाण्यातून निघाले. तोवर झाकणाखालच्या कापसाला वासही फारसा उरला नव्हता. आज निलगिरीत सतरा, लवंगेत अकरा. पहिल्या बरणीतले मोजायचं सोडून दिलं, तळाला पीठ पडलंय. पाल्याची बरणी तिच्याहून फार वेगळी नाही (कणगी मावशी, माफ करा). गोठवलेल्या बरणीत शून्य.

आणि पहिल्या बरणीत सोंड्यांबरोबर मुंगीएवढे पंखवाले बारीक काळे जीव दिसताहेत, ते काय आहे?

---

किडेमास्तर | २२ जुलै, रात्री १०.५५

पंख आहेत, कंबर बारीक आहे, बरोबर? ती गांधीलमाशीच्या गोतातली परजीवी माशी. दाण्याच्या आतली सोंड्याची अळी बाहेरून हुडकते, दाण्यात नांगी खुपसून तिच्या अंगावर अंडं घालते, आणि तिची अळी सोंड्याच्या अळीला खाऊन मोठी होते. माणसाला चावत नाही. तुमचा शत्रू दाण्यातच गाठणारी तीच एक. तेलाच्या बरण्यांत ती दिसली नाही ना? तेलाला आपला-परका कळत नाही.

---

लक्ष्मीपुरी_पेढी | २३ जुलै, सकाळी ८.१५

म्हणजे तेल वायाच म्हणायचं का? आमच्या पेढीवर हल्ली धान्यात ठेवायच्या सुगंधी पुड्या घेऊन विक्रेते येतात. घ्याव्यात का असा विचार चालला होता.

---

उंबरठा | २३ जुलै, सकाळी १०.००

मी वाया म्हणणार नाही. एक जागा सापडली. सासूबाईंची जुनी पत्र्याची कोठी रिकामी होती, तिच्या सांध्यांत गेल्या वर्षीचं पीठ आणि त्यात तांबडे भुंगेरे. आधी ब्रशनं खरवडून काढलं, कोरड्या फडक्यानं पुसलं. मग फडक्यावर निलगिरीचं तेल घेऊन आतून सांधे चोळले आणि झाकण लावून दोन दिवस ठेवलं. रिकाम्या कोठीत तेल पिणारं धान्य नसतं, मास्तरांची बाटली ती हीच. उघडली तेव्हा तळाला मेलेले भुंगेरे. मग आठ दिवस झाकण उघडं ठेवून वास घालवला आणि आता शाळू भरलाय, मिठाच्या बाटलीची परीक्षा पास झालेला. जुना-नवा एकत्र केलेला नाही.

एक सूचना. कोठी पत्र्याची होती म्हणून निभावलं. आधी हौसेनं एक प्लास्टिकचा डबा पुसला होता, तो महिना झाला तरी वास सोडत नाही. त्यात आता धुण्याची पावडर ठेवते. आणि तेलाची बाटली कुलपात, पोरगं उंची गाठायला लागलंय.

---

वनौषधीप्रेमी | २३ जुलै, दुपारी १.३०

शंभर गुण दिलेले परत घेतले की आहेत अजून?

---

उंबरठा | २३ जुलै, दुपारी १.४५

कोठीचे पस्तीस ठेवलेत.

---

पंचगंगेचा_घाट | २३ जुलै, दुपारी २.१०

काठावर पास! बरं, नणंदाव्यांना परत जेवायला बोलावलं का नाही?

---

उंबरठा | २३ जुलै, रात्री ९.३०

बेंदराला आले होते. गोठवलेला घनसाळ केला. ताटाशी बसल्यावर आधी नुसता वास घेतला, मग दोनदा भात वाढून घेतला. जाताना हळूच विचारलं, "वैनी, ते तेल शिल्लक आहे का? नाक चोंदलंय."